ब्राउझर हायजॅकर आणि नको असलेले प्रोग्रॅम: ते कसे शिरतात, काढले तरी परत का येतात आणि मुळासकट कसे काढावेत

कळफलक (धागाकर्ता)

ब्राउझर उघडावा आणि नेहमीच्या पानाऐवजी कधी न पाहिलेले 'सर्च' पान समोर यावे, शोधपेटीत शब्द टाकला की पत्ता दोन-तीन अनोळखी ठिकाणांवरून भराभर पुढे सरकत जावा, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन सगळे पूर्ववत केले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान हजर असावे, हा अनुभव इथे अनेक सदस्यांनी वेगवेगळ्या धाग्यांवर लिहिला आहे. त्या बहुतेक धाग्यांवर 'अमुक टूल चालवा' किंवा 'विंडोज नव्याने टाका' असे एका ओळीचे उत्तर येते आणि चर्चा तिथेच थांबते. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे. माझ्या मते हे प्रोग्रॅम कसे काढावेत यापेक्षा ते परत का येतात, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

सुरुवात पैशापासून करावी लागेल. ब्राउझर हायजॅकरला आपल्या फायली नष्ट करायच्या नसतात किंवा त्या कुलूपबंद करून खंडणीही मागायची नसते. आपला संगणक नीट चालू राहावा आणि आपण त्यावर शोध घेत राहावे, एवढेच त्याला हवे असते. शोधनिकालांच्या पानावरील जाहिरातींमधून जे उत्पन्न होते, त्यातला वाटा त्या पानापर्यंत वाचक आणून सोडणाऱ्यालाही मिळू शकतो. म्हणून हायजॅकर आपला शोधशब्द आधी स्वतःच्या पत्त्यावर नेतो, तिथे 'हा वाचक माझ्याकडून आला' अशी नोंद करवून घेतो आणि मग पुष्कळदा एखाद्या नामांकित सर्च इंजिनच्या पानावरच आपल्याला सोडतो. निकाल ओळखीच्या पानावर दिसत असल्यामुळे काही बिघडले आहे अशी शंकाही अनेकांना येत नाही. मधल्या मध्ये मात्र आपण काय शोधतो याची सगळी यादी अनोळखी माणसांच्या हाती जाते. मला जाहिरातींपेक्षा हा भाग अधिक गंभीर वाटतो, कारण आजारपण, कर्ज, नोकरी किंवा घरातली अडचण यांविषयी माणूस कुणाशी बोलण्याआधी शोधपेटीत लिहितो.

दुसरा पैसा इन्स्टॉलेशनचा. एखादा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बसवून दिला की दर इन्स्टॉलमागे ठरावीक रक्कम देणारी एक मोठी साखळी अनेक वर्षे उघडपणे चालत आली आहे. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या व्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा एका इन्स्टॉलचा दर साधारण १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत असल्याचे आढळले. गूगलची सेफ ब्राउझिंग सेवा नको असलेल्या सॉफ्टवेअरबद्दल त्या काळात आठवड्याला ६ कोटींहून अधिक इशारे दाखवत होती, आणि ही संख्या उघडउघड घातक सॉफ्टवेअरबद्दलच्या इशाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होती. म्हणजे ज्याला आपण किरकोळ कटकट समजतो, त्याचा पसारा व्हायरसपेक्षा मोठा होता.

आता हे शिरतात कसे ते पाहू. एखादे मोफत सॉफ्टवेअर, समजा व्हिडिओ बघण्याचे किंवा पीडीएफ जोडण्याचे, मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळाऐवजी डाउनलोडच्या एखाद्या त्रयस्थ संकेतस्थळावरून उतरवले जाते. इन्स्टॉलर सुरू होतो. पहिली खिडकी स्वागताची, दुसरी खऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची. तिसऱ्या खिडकीवरही वर 'लायसन्स ॲग्रीमेंट' असेच लिहिलेले असते, रंग आणि मांडणी तीच असते, पण खालचा मजकूर भलत्याच एखाद्या टूलबारचा किंवा सर्च एक्स्टेन्शनचा (एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम) असतो. 'ॲक्सेप्ट'चे बटण ठळक, आणि 'डिक्लाइन' फिकट राखाडी, जणू ते दाबताच येणार नाही. आपण 'डिक्लाइन' दाबले तर मूळ सॉफ्टवेअरही बसणार नाही, असा समज त्या खिडकीच्या रचनेतून मुद्दाम करून दिला जातो. काही इन्स्टॉलरमध्ये 'एक्सप्रेस' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय असतात. 'एक्सप्रेस'पुढे 'शिफारस' असे लिहिलेले असते आणि जोडीला येणाऱ्या प्रोग्रॅमांच्या आधीच टिक केलेल्या चौकटी फक्त 'कस्टम'मध्ये दिसतात. ही संमती घेतलेली नसून काढून घेतलेली असते. म्हणूनच 'वापरणाऱ्याने नीट वाचले नाही, चूक त्याचीच' हे म्हणणे मला मान्य नाही.

आपले अनुभव, शंका आणि मतभेद जरूर लिहावेत.

उंबरठा

धागा अगदी वेळेवर आला. माझा संगणक पूर्णपणे वैयक्तिक आहे, कोणत्याही कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही, तरी क्रोमच्या मेनूत सर्वांत खाली 'आपला ब्राउझर आपल्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो' अशा अर्थाची ओळ दिसते. एक अनोळखी एक्स्टेन्शन बसले आहे आणि त्याच्यापुढचे 'रिमूव्ह' बटणच नाहीसे झाले आहे. ब्राउझर रिसेट करून पाहिला, तरी ते जात नाही. सर्च इंजिन बदलण्याचा पर्यायही कुलूप लावल्यासारखा बंद आहे. हे कशामुळे होते आणि यावर विंडोज नव्याने टाकण्याखेरीज उपाय आहे का?

कळफलक (धागाकर्ता)

उपाय आहे, आणि विंडोज नव्याने टाकण्याची गरज बहुधा पडणार नाही.

मोठ्या संस्थांना आपल्या शेकडो संगणकांवर एकच नियम लागू करता यावा म्हणून क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांत 'पॉलिसी' नावाची सोय असते. कोणते एक्स्टेन्शन सक्तीने बसवायचे, सर्च इंजिन कोणते ठेवायचे आणि वापरणाऱ्याला ते बदलू द्यायचे की नाही, हे सगळे त्यातून ठरते. हायजॅकर याच सोयीचा गैरवापर करतो. आपल्या संगणकावर तो स्वतःच 'संस्था' होऊन बसतो. ब्राउझरचे रिसेट हे आपण निवडलेल्या सेटिंग्जपुरते असते, पॉलिसीला ते हात लावत नाही, आणि म्हणून रिसेट करूनही काही फरक पडत नाही.

ॲड्रेस बारमध्ये 'क्रोम' हा शब्द, त्यापुढे कोलन, दोन तिरक्या रेघा आणि 'पॉलिसी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबा. लागू असलेल्या सगळ्या पॉलिसींची यादी दिसेल. त्यात 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' या नावाची नोंद असेल, तर तिच्यासमोर 'ए' ते 'पी' या इंग्रजी अक्षरांपैकीच अक्षरे असलेली ३२ अक्षरांची एक ओळ दिसेल. ती त्या एक्स्टेन्शनची ओळख आहे. एक्स्टेन्शनच्या पानावर 'डेव्हलपर मोड' चालू केला की प्रत्येक एक्स्टेन्शनखाली त्याची ओळख दिसते. दोन्ही जुळवून पाहा.

ही पॉलिसी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमांच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे, लिहिलेली असते. रजिस्ट्री एडिटर उघडून 'एचकी लोकल मशीन', त्यात 'सॉफ्टवेअर', त्यात 'पॉलिसीज', त्यात 'गूगल' आणि शेवटी 'क्रोम' असे जावे. 'एचकी करंट युजर' या शाखेखालीही हीच वाट तपासावी. एज असेल तर 'पॉलिसीज'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट' आणि त्यात 'एज'. काहीही पुसण्याआधी त्या शाखेवर राइट-क्लिक करून 'एक्स्पोर्ट'ने तिची प्रत ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास ती परत आणता येईल. त्यानंतर ती नोंद पुसावी, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा आणि पॉलिसीचे पान पुन्हा पाहावे.

इथे एक पथ्य पाळावे. काही अँटीव्हायरस आणि पालक-नियंत्रणाची सॉफ्टवेअरही रीतसर पॉलिसी वापरतात, त्यामुळे 'व्यवस्थापित' ही ओळ दिसली म्हणजे हायजॅकर आहेच असे नाही. आणि संगणक खरोखर एखाद्या संस्थेचा असेल तर तिथल्या पॉलिसीला हात लावू नये, संबंधित विभागाला कळवावे.

पुसलेली नोंद संगणक पुन्हा सुरू केल्यावर परत आली, तर ती लिहिणारा कुणीतरी अजून आत बसलेला आहे. तो बहुधा टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, सापडतो. तिथली कामांची यादी उघडून प्रत्येक कामाचा 'ॲक्शन्स' हा भाग वाचावा. अक्षरांची अर्थहीन जुळवाजुळव केलेले नाव, दर काही मिनिटांनी किंवा लॉग-इन होताच चालण्याची वेळ, आणि पॉवरशेलला (लिहिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या विंडोजच्या साधनाला) दिलेली लांबलचक, न वाचता येणारी आज्ञा, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर संशयाला भरपूर जागा आहे.

निळी शाई

वरच्या सविस्तर प्रतिसादाला दोन जागांची जोड देते, कारण बहुतेक टूल या जागा तपासत असली तरी लोक स्वतः तिथे क्वचितच पाहतात.

एक म्हणजे शॉर्टकट. डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या चिन्हावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'टार्गेट' या चौकटीत कर्सर नेऊन तो अगदी शेवटपर्यंत सरकवावा. चौकट लहान असते आणि मजकूर लांब, त्यामुळे शेवटचा भाग सहसा दिसतच नाही. क्रोमचा साधा शॉर्टकट 'क्रोम डॉट ईएक्सई' या नावावर आणि अवतरण चिन्हावर संपायला हवा. त्यानंतर एक मोकळी जागा आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर ब्राउझरच्या सेटिंग्ज कितीही वेळा दुरुस्त केल्या तरी त्या चिन्हावरून ब्राउझर उघडताना तेच पान येणार. टास्कबार आणि स्टार्ट मेनूतले शॉर्टकट वेगळे असतात, तेही पाहावेत. सगळ्यांत सोपे म्हणजे जुने चिन्ह काढून टाकून नवे तयार करावे.

दुसरी जागा म्हणजे सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या सेटिंग्ज सगळ्या उपकरणांवर सारख्या ठेवण्याची सोय. आपण ब्राउझरमध्ये खात्याने लॉग-इन केलेले असेल तर एक्स्टेन्शनही खात्यासोबत फिरतात. एका संगणकावरून काढलेले एक्स्टेन्शन, दुसऱ्या न तपासलेल्या संगणकावरून सिंकमार्गे परत येऊ शकते. म्हणून साफसफाई करताना आधी सिंक बंद करावे, खाते जिथे जिथे वापरात आहे ते सगळे संगणक तपासावेत, आणि मगच ते चालू करावे.

दुसरी बाजू

धागाकर्त्यांच्या तांत्रिक माहितीबद्दल आदर आहे, परंतु एका मुद्द्यावर माझा मतभेद नोंदवतो. मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही उत्पन्न लागते. सोबत एखादा प्रोग्रॅम देऊ करणे आणि वापरणाऱ्याने 'ॲक्सेप्ट' दाबणे, हा करारच आहे. 'नको असलेला' हा शिक्का कोणी मारायचा? एखादी अँटीव्हायरस कंपनी उद्या आपल्या स्पर्धकाच्या सॉफ्टवेअरलाही तोच शिक्का मारेल. व्हायरसला व्हायरस म्हणणे सोपे आहे; पण वापरणाऱ्याने स्वतः बसवलेल्या गोष्टीला त्याच रांगेत बसवणे न्याय्य नाही.

निळी शाई

आपला प्रश्न रास्त आहे आणि तो न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. 'संभाव्य नको असलेला प्रोग्रॅम', म्हणजे ज्याला आपण 'पप' म्हणतो, हा प्रवर्गच या वादातून जन्मला. आपल्या उत्पादनाला 'स्पायवेअर' म्हटले म्हणून जाहिरात-सॉफ्टवेअरच्या कंपन्या कायदेशीर नोटिसा पाठवू लागल्या, तेव्हा सुरक्षा कंपन्यांनी हे सौम्य नाव स्वीकारले. झँगो या जाहिरात-सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपले सॉफ्टवेअर अडवल्याबद्दल कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीवर दावा लावला होता. अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. याच झँगोने त्याआधी २००६ मध्ये, वापरणाऱ्यांच्या पुरेशा संमतीविना सॉफ्टवेअर बसवल्याच्या आरोपावरून, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ३० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले होते.

आपण म्हणता तो स्पर्धकांचा मुद्दाही त्याच न्यायालयासमोर आला. एनिग्मा या कंपनीच्या सॉफ्टवेअरला तिची स्पर्धक सुरक्षा कंपनी मालवेअरबाइट्सने 'पप' ठरवले, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटले की स्पर्धा दडपण्याच्या हेतूने अडवले असल्यास सुरक्षा कंपनीला कायद्याचे सरसकट संरक्षण मिळणार नाही. म्हणजे शिक्का मारणाऱ्यालाही उत्तरदायी राहावे लागते, आणि ते योग्यच आहे.

पण कराराबद्दल मी आपल्याशी सहमत नाही. करारात दोन्ही पक्षांना आपण काय मान्य करत आहोत हे ठाऊक असावे लागते. एखाद्या सॉफ्टवेअरला आपली खात्री असेल तर ते स्वतःचे नाव उघड सांगते, 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स'च्या यादीत दिसते आणि काढायला सांगितले की निघून जाते. जे काढल्यावर रात्रीतून परत येते, त्याने करार पाळला असे कोणी म्हणू शकत नाही.

दुसरी बाजू

काढल्यावर परत येणाऱ्या सॉफ्टवेअरचे समर्थन मीही करणार नाही. आपण दिलेली कसोटी, म्हणजे नाव उघड असणे आणि काढताच निघून जाणे, मला मान्य आहे. फक्त ती कसोटी लावूनच शिक्का मारला जावा, केवळ जाहिराती दिसतात म्हणून नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना संगणक

या विषयाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते, की दरवेळी एक दार बंद झाले की ही मंडळी पुढचे दार शोधतात. २००३ साली कूलवेबसर्च नावाचा हायजॅकर इंटरनेट एक्सप्लोररवर पसरला, तेव्हा तो काढण्यासाठी स्वतंत्र साधन लिहावे लागले होते, आणि 'हायजॅक धिस' या छोट्या साधनाचा अहवाल चर्चामंडळांवर चिकटवून लोक एकमेकांना मदत करत असत. त्यानंतर टूलबारचा काळ आला. जावासारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्येही आस्क टूलबारची टिक केलेली चौकट असे. सोर्सफोर्जसारख्या, मुक्त सॉफ्टवेअरचे माहेरघर मानल्या गेलेल्या संकेतस्थळाने २०१३ मध्ये जोड-ऑफर असलेले इन्स्टॉलर द्यायला सुरुवात केली, २०१५ मध्ये गिंप या चित्र-संपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीवरून मोठा वाद झाला, आणि २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर नव्या व्यवस्थापनाने तो प्रकार बंद केला.

मग ब्राउझरांनी दारे लावली. क्रोमने २०१४ पासून विंडोजवर फक्त स्वतःच्या वेब स्टोअरमधील एक्स्टेन्शन चालू द्यायची असे ठरवले, फायरफॉक्सने २०१६ मध्ये एक्स्टेन्शनवर आपली डिजिटल सही सक्तीची केली. त्यावर उतारा म्हणून पॉलिसीचा गैरवापर वाढला, आणि चांगली, लोकप्रिय एक्स्टेन्शन त्यांच्या निर्मात्यांकडून विकत घेण्याचा मार्गही वापरला गेला. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारे 'द ग्रेट सस्पेंडर' हे त्याचे उदाहरण. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचे सांगून ते बंद केले. ज्यांनी ते अनेक वर्षांपूर्वी पारखून बसवले होते, त्यांच्याकडून यात कोणतीही कसूर झाली नव्हती. म्हणून 'मी सगळे पाहूनच बसवतो' एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. बसवलेल्या एक्स्टेन्शनची यादी अधूनमधून पाहून नको ती काढून टाकणे, हाच त्यातला खरा बचाव.

लिहिताना आणखी एक आठवले. संमतीची गोष्ट निघाली आहे तर लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच आलेले सुपरफिश हे जाहिरात-सॉफ्टवेअर विसरता येणार नाही. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये चव्हाट्यावर आले. जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची ओळख पटवतो) बसवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपवर एकच होती. ती किल्ली बाहेर काढली गेल्यावर, त्याच नेटवर्कवरील कोणीही बँकेच्या सुरक्षित पानाचे सोंग उभे करू शकेल अशी स्थिती निर्माण झाली. जाहिरातींसाठी केलेली एक तडजोड संपूर्ण सुरक्षेचा पाया कसा पोखरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पाणवठा

मी मॅक वापरतो आणि इथे बहुतेक चर्चा विंडोजची दिसते. मॅकवर सफारीचे होमपेज बदलले आहे आणि ते पुन्हा बदलता येत नाही. मॅकवर असे काही होत नाही, असे मला नेहमी सांगण्यात आले होते.

कळफलक (धागाकर्ता)

होते. मॅकवर पॉलिसीचे काम 'कॉन्फिगरेशन प्रोफाइल' करते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रोफाइल्स' असे शोधून पाहा. आपण स्वतः किंवा आपल्या संस्थेने बसवलेले नसलेले प्रोफाइल तिथे दिसले तर ते काढून टाका, म्हणजे होमपेजवरचे कुलूप निघेल. त्यानंतर 'लायब्ररी' फोल्डरमधील 'लाँच एजंट्स' आणि 'लाँच डीमन्स' या दोन फोल्डरांत अनोळखी फायली आहेत का ते पाहा, विंडोजमधल्या टास्क शेड्युलरचे काम तिथे त्या करतात. 'लायब्ररी' फोल्डर दोन असतात, एक संपूर्ण संगणकाचा आणि एक आपल्या खात्याचा, दोन्ही तपासा.

कोरी पाटी

माझ्याकडे वेगळाच प्रकार आहे. होमपेज आणि सर्च इंजिन ठीक आहेत. पण पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सतत 'आपल्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशा खिडक्या येतात. दोन अँटीव्हायरसनी तपासले, त्यांना काहीही सापडत नाही.

निळी शाई

सापडणार नाही, कारण आपल्या संगणकावर बहुधा कोणताही प्रोग्रॅम बसलेलाच नाही. एखाद्या पानावर 'आपण यंत्रमानव नसल्याचे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असा मजकूर आला असेल आणि ते बटण दाबले गेले असेल. ती प्रत्यक्षात त्या संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडावे, 'अलाउड' यादीतले अनोळखी पत्ते काढावेत, आणि शक्य असल्यास नोटिफिकेशन विचारण्याची मुभाच सर्व संकेतस्थळांसाठी बंद करावी. खिडक्या त्याच क्षणी थांबतील. त्या खिडकीत दिलेला क्रमांक किंवा 'स्वच्छ करा' हे बटण मात्र कदापि वापरू नये, कारण खऱ्या फसवणुकीची सुरुवात तिथून होते.

कोरी पाटी

थांबल्या. यादीत ओळखीचे नसलेले बरेच पत्ते होते, सगळे काढले. मनापासून आभार.

जुना संगणक

आणखी एक शक्यता नोंदवून ठेवतो. एकाच नेटवर्कवरील सगळी उपकरणे, फोनसुद्धा, चुकीच्या पानांवर जात असतील तर दोष ब्राउझरमध्ये नसून राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा सर्व्हर कोणता हे ठरवणारी सोय) असू शकतो. डीएनएस-चेंजर नावाचे मालवेअर पसरवणाऱ्या टोळीने डीएनएस सेटिंग बदलूनच शंभरहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक भलत्या सर्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती मोडली, आणि बाधित लोकांचे इंटरनेट अचानक बंद पडू नये म्हणून त्या सर्व्हरांच्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. राउटरचा मूळ पासवर्ड न बदललेल्यांनी तो आज बदलावा.

उंबरठा

धागाकर्त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे केले. फोर्सलिस्टमध्ये एकच नोंद होती, ती पुसली आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती परत आली. मग टास्क शेड्युलर पाहिला. लॉग-इन होताच पॉवरशेल चालवणारे, निरर्थक नावाचे एक काम तिथे होते. ते आधी बंद केले, मग ते ज्या फोल्डरकडे निर्देश करत होते तो फोल्डर आणि ते काम दोन्ही पुसले, आणि पुन्हा रजिस्ट्रीतली नोंद काढली. आता पॉलिसीचे पान रिकामे आहे, 'व्यवस्थापित' ही ओळ गेली आहे आणि सर्च इंजिन बदलता येते.

दोन प्रश्न उरतात. पूर्वी क्रोममध्येच संगणक स्वच्छ करण्याची सोय होती, ती आता दिसत नाही. मग पुढे असे होऊ नये म्हणून काय चालू ठेवावे? आणि आता पासवर्ड बदलणे गरजेचे आहे का?

कळफलक (धागाकर्ता)

क्रम अगदी योग्य होता. नोंद लिहिणारे काम आधी बंद करणे आणि मग नोंद पुसणे, उलट केले की चक्र संपत नाही.

क्रोममधील ती सोय गूगलने मार्च २०२३ मध्ये, क्रोमच्या १११व्या आवृत्तीपासून काढून टाकली. विंडोजमध्ये मात्र 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' असे गेल्यास संभाव्य नको असलेली ॲप अडवण्याचा पर्याय दिसतो. 'ब्लॉक ॲप्स' आणि 'ब्लॉक डाउनलोड्स' अशा त्याच्या दोन चौकटी आहेत. दुसरी फक्त एज ब्राउझरमधून होणाऱ्या डाउनलोडवर लक्ष ठेवते. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून हे संरक्षण आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली असली, तरी जुन्या संगणकावर ते बंद असू शकते, म्हणून स्वतः पाहून घ्यावे. जोडीला ॲड्-डब्ल्यू-क्लीनरसारखे टूल अधूनमधून चालवायला हरकत नाही, पण ते त्याच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. 'हायजॅकर काढण्याचे टूल' असा शोध घेतला की वरच्या जाहिरातींत दिसणारी सॉफ्टवेअर अनेकदा याच जातकुळीची असतात.

पासवर्डबाबत माझे स्पष्ट मत आहे की बदलावेत. आपल्या संगणकावर पॉवरशेलमार्फत कोड चालत होता, आणि सक्तीने बसवलेल्या एक्स्टेन्शनला सामान्यतः 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे आणि बदलणे' ही परवानगी असते, म्हणजे आपण पानावर टंकलेले ते वाचू शकते. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२० मध्ये ज्याची माहिती जाहीर केली तो ॲड्रोझेक शोधनिकालांत जाहिराती घुसवण्यासाठीच बनवलेला होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो दिवसाला ३० हजारांहून अधिक संगणकांवर आढळत होता, आणि फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्डही तो चोरत असे. तो ब्राउझरच्या स्वतःच्या फायलींत फेरफार करत असल्यामुळे अशा प्रकरणात ब्राउझर काढून नव्याने बसवणेच बरे.

बदलताना आधी ई-मेलचा पासवर्ड, मग बँकेचा आणि त्यानंतर बाकीचे असा क्रम ठेवावा, कारण इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात. शक्य असल्यास हे काम दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करावे. पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांवरून लॉग-आउट' हा पर्याय शोधून वापरावा, नाहीतर आधीच उघडलेली सत्रे काही ठिकाणी नवा पासवर्ड न विचारता चालू राहू शकतात. द्विस्तरीय पडताळणी नसेल तर त्याच बैठकीत चालू करावी. ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी उघडून पाहिली तर बदलायच्या खात्यांपैकी एकही विसरले जाणार नाही.